सनद, स्टोरी आणि तीन एकर

लातूरच्या एका तरुण वकिलाने विचारलंय. प्रश्न थोडक्यात असा: एलएलबी होऊन काही वर्षं झाली, जिल्हा न्यायालयात दिवाणी कामं करतो. सिनेमाचं वेड कॉलेजातल्या एकांकिकांपासूनचं. आधी मुंबईत एंटरटेनमेंट लॉयर व्हायचं आणि मग निर्माता, असा बेत आहे. उदगीरकडच्या एका लेखकाची कादंबरी डोक्यात आहे. लेखक म्हणतो, "कागद कशाला, तू तर घरचाच." वडील औशाजवळचं तीन एकर रान विकून पैसे द्यायला तयार आहेत. रस्ता बरोबर आहे का, आणि मराठवाड्यात राहून हे जमेल का?

मी मूळचा अंबाजोगाईचा. मुंबईत बरीच वर्षं निर्माते, वाहिन्या आणि लेखक यांच्यातले करार केले, पुढे स्वतः मराठी चित्रपट काढायला लागलो. तेव्हा दोन्ही बाजूंनी सांगतो.

सनदेपासून, म्हणजे वकिलीच्या परवान्यापासून सुरुवात करू, कारण हे कुणी सांगत नाही. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांतला 47 आणि 48 काढून वाचा. वकिलाने स्वतः धंदा करायचा नाही. स्लीपिंग पार्टनर म्हणून राहता येतं, तेही तो धंदा वकिलीच्या प्रतिष्ठेला सोडून नाही असं राज्याच्या बार कौन्सिलला वाटलं तर. कंपनीत संचालक होता येतं, पण कारभार बघायचा नाही, मॅनेजिंग डायरेक्टर तर मुळीच व्हायचं नाही. आता सकाळी सहाला जनरेटरवाल्याशी हुज्जत घालणाऱ्या निर्मात्याला स्लीपिंग कोण म्हणेल? म्हणून खरोखर निर्मितीत उतरायचं त्या दिवशी महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलकडे सनद स्थगित करायचा अर्ज द्यायचा. पुढे परत वकिलीत यायचं झालं तर ती पुन्हा चालू करून घेता येते. काही जण बायकोच्या नाहीतर भावाच्या नावावर बॅनर काढतात आणि मागून सगळं स्वतःच चालवतात. फायनान्सरशी जमतंय तोवर हे खपतं. एकदा वाजलं की पैशाच्या दाव्याआधी बार कौन्सिलकडे तक्रार जाते, कारण तुमची दुखरी नस त्याला पक्की ठाऊक असते.

आता मुंबईतल्या नोकरीचं. एंटरटेनमेंट लॉयर म्हटलं की लोकांना नटनट्यांच्या भानगडी आठवतात. रोजचं काम असतं करार वाचायचं आणि लिहायचं: लेखक, दिग्दर्शक, कलाकार, संगीत, लोकेशन, वितरण, ओटीटी. दोन वाटा आहेत. लॉ फर्ममध्ये लागलात तर मसुदा उत्तम शिकाल, नावाला वजन येईल. पण फर्मला चित्रपट दोनदाच दिसतो, सही होताना आणि भांडण झाल्यावर. मधलं सगळं, म्हणजे डिलिव्हरीला (तयार चित्रपट घेणाऱ्याकडे सोपवताना) कोणती फाइल कमी पडली, साउंडवाल्याचं बिल का अडलं, सॅटेलाइटचा (टीव्हीवर दाखवायच्या हक्कांचा) दुसरा हप्ता कुठल्या कलमामुळे थांबला, हे बघायचं तर एखाद्या निर्मितीसंस्थेच्या किंवा वाहिनीच्या लीगल खात्यात बसायला हवं. निर्माता व्हायचं असेल तर माझं मत सरळ या दुसऱ्या वाटेला. आणि लातूरच्या दिवाणी कोर्टातली वर्षं वाया गेली असं समजू नका. वारस, संमती, पुरावा हे तिथं जितकं अंगवळणी पडतं तितकं मुंबईच्या एसी केबिनमध्ये पडत नाही.

याचं एक उदाहरण देतो. परभणी जिल्ह्यात एका दिवंगत लेखकाच्या कथेचे हक्क घ्यायला गेलो होतो. दोन मुलगे, दोन मुली. थोरल्याने चहा सांगितला आणि म्हणाला, "आमच्या दोघांच्या सह्या घ्या अन् मोकळे व्हा. बहिणींनी हक्कसोड कवाच दिलंय." हक्कसोडपत्र मागून बघितलं. गट नंबर, चतुःसीमा, विहिरीतला हिस्सा सगळं होतं, वडिलांच्या लिखाणाचा त्यात शब्दही नव्हता. जमिनीवरचा हक्क सोडला म्हणून कथेवरचा सुटत नाही. लेखकाच्या मागे प्रताधिकार, म्हणजे कॉपीराइट, 60 वर्षं चालतो, आणि मृत्युपत्र नसेल तर मुलीही मुलांइतक्याच वारस. मग धाकटी बहीण जिंतूरला, मोठी नांदेडला, दोघींकडे जाऊन सह्या आणल्या आणि दोघींना त्यांच्या वाट्याचा चेक दिला. थोरला नाराज झाला, पण चित्रपट विकताना ओटीटीवाल्यांच्या वकिलाने पहिली मागितली ती हीच फाइल. याला आमच्यात चेन ऑफ टायटल म्हणतात: मूळ लेखकापासून तुमच्यापर्यंत हक्क कसा आला याची न तुटलेली साखळी. जमिनीचे फेरफार बघता ना, तीच नजर इथं लागते.

उदगीरच्या कादंबरीकडे येऊ. "कागद कशाला" हे प्रेमाने म्हटलेलं असतं, कायद्याला मात्र त्याचा उपयोग नाही. 1957 च्या कॉपीराइट कायद्यात कलम 19 आहे. हक्काचं हस्तांतरण लेखी आणि सहीनिशीच हवं. त्यात मुदत लिहिली नाही तर ती 5 वर्षं धरली जाते, प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. त्याहून महत्त्वाचं म्हणजे घेणाऱ्याने 1 वर्षाच्या आत हक्क वापरला नाही, तर करारात वेगळं काही नसल्यास ते हस्तांतरण आपोआप संपतं. मराठी चित्रपट कागदावरून पडद्यावर यायला दोन-तीन वर्षं सहज जातात. म्हणजे स्टॅम्पपेपरवर "माझ्या कादंबरीचे चित्रपटाचे हक्क श्री. अमुक यांना दिले आहेत" एवढी एक ओळ असेल, तर तुमचा शेड्यूल लागायच्या आधीच हक्क परत लेखकाकडे गेलेला असू शकतो. असे एकओळी कागद मी पुष्कळ पाहिले आहेत. गावाकडच्या लेखकाला ते पुरेसे वाटतात आणि निर्मात्याला स्वस्तात पडतात.

तुम्ही असं करा. आत्ता पूर्ण हक्क विकत घेऊ नका, ऑप्शन घ्या. परवडेल ती रक्कम आज द्यायची, त्याबदल्यात 18 महिने किंवा 2 वर्षं ती कादंबरी दुसऱ्या कुणाला द्यायची नाही. शूटिंग सुरू व्हायच्या आधी ठरलेली मोठी रक्कम दिली की हक्क तुमचे, नाही दिली तर लेखक मोकळा. एक वर्षाच्या त्या अटीचं काय करायचं तेही त्यातच स्पष्ट लिहून टाका. करार इंग्रजीत करायची हौस नको. मराठीत करा, लेखकाला वाचायला आठवडा द्या. आणि तुमच्या दोघांचा वकील एकच, म्हणजे तुम्ही, असं होऊ देऊ नका. त्याला दुसऱ्या कुणाला तरी दाखवायला सांगा. पुढे चित्रपट चालला तर "वकील होता, फसवून सही घेतली" हे ऐकायची पाळी येत नाही.

नुसत्या कल्पनेवर मात्र कुणाचा हक्क नसतो. 1978 मध्ये आर. जी. आनंद विरुद्ध डिलक्स फिल्म्स या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हे स्वच्छ सांगितलंय: विषय सगळ्यांचा, मांडणी ज्याची त्याची. तेव्हा दुष्काळावर, ऊसतोडीवर कुणीही चित्रपट काढू शकतं. पात्रं, प्रसंग, संवाद त्या कादंबरीतले घ्यायचे असतील तरच हक्क लागतो. हे उलटही लक्षात ठेवा. तुमच्या चित्रपटाची घोषणा झाली की "माझी आयडिया चोरली" म्हणून दोन-तीन फोन येणारच.

संगीतात मराठी निर्माते आजही 2012 च्या आधीच्या जगात राहतात. कॉपीराइट कायद्यातल्या त्या वर्षीच्या दुरुस्तीने गीतकार आणि संगीतकाराचा रॉयल्टीचा वाटा पक्का झाला. चित्रपटगृहात चित्रपटासोबत गाणं वाजतं तेवढं सोडलं, तर बाकी वापराच्या रॉयल्टीत त्यांचा निर्मात्याच्या बरोबरीने हिस्सा असतो आणि तो करारानेही सोडता येत नाही. तरीही "एकरकमी, कायमस्वरूपी, सर्व हक्क" छापाचे करार राजरोस होतात. निर्मात्याच्या बाजूने मसुदे लिहिताना मला तसं लिहायला सांगणारे भेटलेत, आणि अशा कलमाचा उपयोग शून्य आहे हे त्यांना पटवायला वेळ लागायचा. आपल्या भागात आणखी एक गोम आहे. पैठणच्या नाथांचं भारूड कुणाच्या मालकीचं नाही, खुशाल घ्या. पण ज्या चालीवर ते तुम्हाला आवडलंय ती एखाद्या हयात कीर्तनकाराची किंवा जुन्या रेकॉर्डमधली असेल, तर त्या चालीला मालक आहे.

इथपर्यंत वकील म्हणून बोललो. निर्मात्याचं काम वेगळ्या स्वभावाचं आहे, आणि वकिलीतून आलेले बहुतेक जण इथंच अडकतात. वकिलाला सवय असते प्रत्येक धोका कलम घालून बंद करायची. धोका अशिलाचा, फी आपली. निर्मात्याला रोज ठरवावं लागतं की कुठला धोका पत्करायचा. गावातल्या ज्या वाड्यात शूटिंग आहे त्याच्या उताऱ्यावर सात नावं आहेत, पाच सह्या मिळाल्या, सहावा सुरतला आणि सातवा कुणाचं ऐकत नाही. वकील म्हणेल थांबा. युनिटचा दिवसाचा खर्च बघितला की निर्माता थांबू शकत नाही. मी तिथं राहणाऱ्याची आणि ताबा असलेल्याची लेखी परवानगी घेतो, पैसे बँकेतून देतो आणि पुढे जातो. कथेच्या हक्कात मात्र एकही सही सोडत नाही. वाड्याचं भांडण फार तर भरपाईत मिटतं, कथेच्या हक्काचं भांडण प्रदर्शनाच्या आदल्या शुक्रवारी हायकोर्टात उभं राहतं.

परदेशातलं एक उदाहरण यासाठीच आठवतं. 1951 मध्ये आर्थर क्रिम आणि रॉबर्ट बेंजामिन या दोन वकिलांनी डबघाईला आलेली युनायटेड आर्टिस्ट्स ही हॉलिवूडची चित्रपट कंपनी चालवायला घेतली. स्वतःचे स्टुडिओ उभारण्याच्या भानगडीत ते पडले नाहीत. पटकथा, बजेट आणि मुख्य नावं मंजूर केली की पैसे द्यायचे आणि पुढचं निर्मात्यावर सोडायचं, नफ्यात वाटा द्यायचा. व्यवहाराचा आकार बदलायचा, ही त्यांची वकिली.

आता पैशाकडे येतो, कारण तीन एकराचा निर्णय इथं होणार आहे. एक हिशेब मांडून दाखवतो, आकडे समजुतीचे आहेत. चित्रपटाने तिकिटबारीवर कर वजा जाता 1 कोटी केले. वर्तमानपत्रात "कोटीचा टप्पा" म्हणून बातमी येते, गावात पेढे वाटले जातात. त्यातला थिएटरचा हिस्सा जातो. पहिल्या आठवड्यात साधारण निम्मा, पुढे आपला वाटा घसरत जातो. हातात वितरकाचा शेअर म्हणून 45 लाख धरू. वितरकाचं कमिशन 15 टक्के, म्हणजे पावणेसात लाख गेले, राहिले सव्वाअडतीस. होर्डिंग, टीव्हीच्या जाहिराती, डिजिटल प्रमोशन आणि दर पडद्याला लागणारी व्हीपीएफ (डिजिटल प्रक्षेपणाची फी) यावर वितरकाने 40 लाख घातलेत, ते तो आधी कापून घेणार. बाकी शिल्लक: उणे पावणेदोन लाख. ज्या निर्मितीवर तुम्ही दीड कोटी घातले त्यातला एक रुपयाही अजून परत आलेला नाही आणि वरून देणंच निघालंय. मराठी चित्रपटाचं गणित बसतं ते सॅटेलाइट, डिजिटल आणि संगीताच्या विक्रीवर, आणि ते सौदे हल्ली प्रदर्शनाआधी ठरत नाहीत, आकडे बघून ठरतात. वकिलीचा खरा फायदा या जागी होतो. खर्च कापण्याला कमाल मर्यादा घालणं, वितरकाच्या प्रत्येक बिलाला आपली आगाऊ लेखी मंजुरी ठेवणं, हिशेब तपासायचा हक्क राखणं, हे तुम्ही न लाजता मागू शकता. इतर निर्माते मागत नाहीत, कारण त्यांना ते कलम दिसतच नाही.

सरकारी अनुदानावर बजेट बेतू नका. दर्जेदार मराठी चित्रपटाला राज्य सरकार अनुदान देतं, अनेक वर्षं अ दर्जाला 40 लाख आणि ब दर्जाला 30 लाख असे आकडे राहिले. पण ते चित्रपट पूर्ण होऊन, सेन्सॉर होऊन, समितीने पाहिल्यानंतर. त्याचा आधार धरून शूटिंगसाठी व्याजाने पैसे उचललेले लोक मी बघितलेत, व्याज अनुदानाच्या पुढे धावतं.

म्हणून तीन एकर विकू नका, वकीलसाहेब. वडिलांचा जीव त्यात आहे म्हणून तर नकोच, पण धंद्याच्या हिशेबानेही नको. पहिल्या चित्रपटात एकट्याचा पैसा घालणारा निर्माता वितरकासमोर अगदी हतबल बसतो, कारण त्याला व्याजही फेडायचं असतं आणि गावाला तोंडही दाखवायचं असतं. त्याऐवजी थोडे पैसे ऑप्शनला आणि पटकथेला घाला. चांगली पटकथा, दिग्दर्शक आणि स्वच्छ हक्कांची फाइल घेऊन सहनिर्माता शोधा. गोव्यात नोव्हेंबरमध्ये इफ्फी या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाच्या सुमारास एनएफडीसीचा (राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाचा) फिल्म बाजार भरतो, तिथं मराठी प्रकल्पांना भेटीगाठी मिळतात. संभाजीनगरचा अजिंठा-वेरूळ महोत्सव घरचाच आहे, प्रवेशिका काढून लोकांशी बोला. स्थानिक पैसा येईल तो अडतीवाल्याचा, प्लॉटिंगवाल्याचा, क्लासवाल्याचा. घ्या, पण त्याला काय हवंय ते आधी विचारा. कुणाला पोराला रोल हवा असतो, कुणाला पहिल्या पाटीवर साहेबांचा फोटो. पाटीवरचं नाव देता येतं. रोल आणि फायनल कटमध्ये, म्हणजे शेवटच्या संकलनात, बोलायचा हक्क देता येत नाही, हे करारात लिहा. पैसे बँकेतून घ्या. 50 हजारांवरच्या देण्यांचं वेगळं विवरण आयकर खातं निर्मात्याकडून मागतं, तेव्हा रोखीतला हिशेब उघडा पडतो.

मराठवाड्यात राहून जमेल का? शूटिंग आणि तयारी इथून, विक्री मुंबईतून. रात्रीच्या लातूर-मुंबईने जाणं-येणं अंगवळणी पाडून घ्यावं लागेल. इथं काम करण्यातल्या अडचणी मुंबईच्या प्रॉडक्शन मॅनेजरला ठाऊक नसतात, म्हणून तीनच सांगतो. बीड जिल्ह्यातल्या गावात जत्रेचा किंवा गर्दीचा सीन असेल तर तो दिवाळी ते मार्च ठेवू नका, अर्धं गाव ऊसतोडीला गेलेलं असतं, उरतात म्हातारीकोतारी आणि कुलपं. वेरूळ, दौलताबाद, मकबरा यांना केंद्रीय पुरातत्त्व खात्याची परवानगी लागते, नळदुर्गसारख्या राज्य संरक्षित किल्ल्याला राज्याची, कलेक्टर ऑफिसचं पत्र दोन्हींकडे चालत नाही. आणि बैलजोडी, शेळ्या, कोंबडा काहीही फ्रेममध्ये असेल तर प्राणी कल्याण मंडळाची परवानगी शूटिंगच्या आधी घ्या, नाहीतर सेन्सॉरला चित्रपट अडकतो. बोलीबद्दलही एक. "काय करायलाव" म्हणणारं पात्र पुण्याच्या नटाने केलं की इकडचा प्रेक्षक पहिल्या दहा मिनिटांत उठतो. बोली शिकवणारा माणूस ठेवा, त्याला मानधन आणि श्रेयनामावलीत नाव द्या. शिव्या मोकळ्या ठेवायच्या असतील तर सिनेमॅटोग्राफ कायद्याच्या 2023 च्या दुरुस्तीनंतर यूए (मुलांनी पालकांच्या देखरेखीत बघायच्या) प्रमाणपत्रात 7, 13 आणि 16 अशा वयाच्या तीन पायऱ्या आल्यात, सोळावाली मिळाली तर टीव्हीचा सौदा वाचतो. ए प्रमाणपत्राचा चित्रपट टीव्हीवर तसाच जात नाही, त्याला पुन्हा प्रमाणपत्राची वाट धरावी लागते.

उदगीरला जाल तेव्हा लेखकाकडे कादंबरीच्या प्रकाशकाशी झालेला मूळ करारही मागा. काही जुन्या करारांत नाट्य आणि चित्रपट रूपांतराचे हक्क प्रकाशकाने आपल्याकडे लिहून घेतलेले असतात, आणि लेखकाने तो कागद सही केल्यापासून पुन्हा उघडलेला नसतो. तसं निघालं तर ऑप्शनवर प्रकाशकाचीही सही लागेल, आणि तिची रक्कम लेखकाच्या रकमेतून कापायची की वेगळी द्यायची हे त्याच बैठकीत ठरवा.